पानामागचं पांढरं : उसातल्या एका काळ्या पतंगाच्या पुस्तकाची प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात अळीचं नाव कुणी चांगल्या तोंडानं घेत नाही. कापसात गुलाबी बोंडअळी आहे, तुरीत शेंगा पोखरणारी आहे, सोयाबीनवर पानं खाणारी आहे. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आली आणि मक्यावर बसली. वसमत-कळमनुरीकडे हळदीच्या खोडात शिरणारी अळी आहे. तिचा पतंग पिवळा, अंगभर काळे ठिपके असलेला. या सगळ्या अळ्या पुढे पतंगच होतात, त्यामुळे पतंगाबद्दलचं मतही इकडे ठरलेलं आहे: कामगंध सापळ्यात मोजायचा आणि आकडा चढला की पंप काढायचा. अशा मुलखात एका पतंगाची कड घेणारं पुस्तक निघतंय, तेव्हा आधी तो कोण हे सांगायला हवं.

तो उसात राहतो. शास्त्रीय नाव एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका. मराठी नाव त्याला अजून कुणी दिलेलं नाही. कृषी पत्रकांत 'एपिरिकॅनिया' छापून येतं आणि ज्यांना तो माहीत आहे ते शेतकरीही तेच म्हणतात. पंख काळपट, अंग आखूड आणि जाडसर, मिशा कंगवेदार. पंख पसरले तरी सगळा मिळून सेंटीमीटरभर. तोंडाचे भाग इतके खुंटलेले की त्याला काही खाता येत नाही. कोषातून बाहेर पडल्यावर त्याला जेमतेम दोन-चार दिवस मिळतात, त्यातला नराचा वाटा आणखी कमी. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मादीनं अंडी घालायची आणि संपायचं. काळा असतो तो हा प्रौढ पतंग. त्याची वाढलेली अळी पांढरी आणि कोषही पांढरा. शेतात माणसाला दिसतं ते पांढरंच, काळा पतंग क्वचित. या पुस्तकाचं सगळं काम त्या पांढऱ्यापासून सुरू होतं.

अळी उसाचं पान खात नाही. ती पायरिला नावाच्या किडीच्या पाठीवर बसते आणि तिच्या अंगातलं पाणी पिऊन वाढते.

पतंग आणि फुलपाखरं मिळून जगात दीड लाखावर जाती आहेत. त्यांच्या अळ्या जवळपास सगळ्या शाकाहारी. दुसऱ्या जिवावर जगणाऱ्या शंभरात एकही भरत नाहीत. हवाई बेटांवर काही अळ्या डहाळीवर दबा धरून माश्या पकडतात, हे १९७० च्या दशकात कळलं तेव्हा कीटकशास्त्रज्ञांनाही खरं वाटेना. आपल्याकडे एपफ्लाय नावाचं छोटं फुलपाखरू आहे, त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते. पण एपिरिकॅनियाच्या कुळाची तऱ्हा आणखी वेगळी. हे कुळ शिकार करत नाही. यजमानाच्या अंगावर बिऱ्हाड करतं आणि त्याच्याच जिवावर मोठं होतं. या कुळाची पहिली नोंद उसातली नाही, भारतातलीही नाही. हाँगकाँगमध्ये बाऊरिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाला लांब तोंडाच्या एका रंगीत कीटकावर पांढरी अळी चिकटलेली दिसली होती. तिचं वर्णन इंग्लंडमध्ये कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी १८७६ मध्ये छापलं. उसातल्या आपल्या जातीला नाव दिलं थॉमस बेनब्रिज फ्लेचर यांनी, १९३९ मध्ये. फ्लेचर अनेक वर्षं बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत कीटकशास्त्रज्ञ होते. (ती संस्था १९३४ च्या भूकंपात मोडली आणि दिल्लीला गेली, दिल्लीच्या पुसाचं नाव तिथलं.) सुरुवातीला या जातीला एपिपायरॉप्स म्हणत. जुन्या पुस्तकात ते नाव भेटलं तर तो हाच पतंग समजावा.

आता ज्या शिवारात हे पांढरं मी पाहिलं त्या गावाकडे. नांदेडहून हिंगोलीला निघालं की अर्धापूर मागं पडल्यावर आणि वारंगा फाटा यायच्या आधी डोंगरकडा लागतं. तालुका कळमनुरी. १९९९ च्या १ मेला परभणीतून हिंगोली वेगळा झाला तेव्हा तालुक्यासकट गाव इकडे आलं. शेतीचा आणि बाजाराचा ओढा मात्र अजून नांदेड-अर्धापूरकडेच आहे. जमीन काळी, पाणी पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्याचं आणि विहिरी-बोअरचं. या पट्ट्याची ओळख केळीची. सोबत हळद आणि ऊस. गावाच्या शिवारात साखर कारखानाही उभा राहिला. या तिन्ही पिकांत शेतकऱ्याचं लक्ष सारखं वाटलेलं नसतं. केळीच्या बागेत माणूस रोज जातो: करपा आला का, घड कसे पडलेत, व्यापारी काय भाव बोलतो. हळदीला भरणी आहे, शिजवणं आहे, वाळवणं आहे, मोठा राबता आहे. ऊस मात्र आळशाचं पीक म्हणून ओळखला जातो. लावला, बांधणी केली, खत टाकलं, पाणी सोडलं, मग तोडणीच्या टोळीची वाट बघायची. डोक्याच्या वर ऊस गेला की आत कुणी शिरत नाही. पानं कापतात, उसाची कूस अंगाला लागते, सापकिरडाची भीती असते.

नेमकं त्याच दिवसांत आत सगळं घडतं. पायरिला वाढते पावसाळ्यात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, दमट आणि ढगाळ हवेत. दाट लागवड, नत्राचा मारा आणि पाणी साचलेलं रान तिला मानवतं. म्हणजे जिथं ऊस सगळ्यात हिरवागार दिसतो तिथंच तिचा मुक्काम. किडीचा पूर्ण वाढलेला कीटक गवती रंगाचा, सेंटीमीटरभर लांब, डोक्याचा पुढचा भाग चोचीसारखा पुढं आलेला. पंख पाठीवर उतरत्या छपराच्या ठेवणीत मिटलेले. पिलांना मागं दोन लांब पिसासारखी शेपटं असतात आणि पान हलवलं की ती टुणकन उडी मारतात. पिलं आणि प्रौढ दोन्ही पानाच्या खालच्या अंगानं रस शोषतात. पान पिवळं पडतं. कीड जो गोड चिकट द्रव टाकते तो खालच्या पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानं काजळल्यासारखी होतात. मग साखर उतरत नाही. त्या उसाचा गूळ करायला घेतला तर तो नीट घट्ट होत नाही, रंगही धरत नाही. बांधावरून चालणाऱ्याला हे सगळं दिसेपर्यंत पायरिलाची एक पिढी पूर्ण झालेली असते.

अशा पानाची उलटी बाजू एकदा सावकाश बघावी. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पायरिला बसलेल्या असतात, तोंडं बहुधा एकाच दिशेला. पान हळू धरलं तर उडत नाहीत. त्यातल्या एखाद्या प्रौढ किडीचे पंख मिटत नाहीत, जरासे उचललेले राहतात. काडीनं पंख आणखी वर केला की खाली पोटाच्या पाठीवर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा गोळा दिसतो. तीच आपली अळी. वरची पांढरी भुकटी मेणाची. बोटाला लागते आणि खालचं मऊ अंग उघडं पडतं. पिलांना पंख नसल्यानं त्यांच्या पाठीवर ती सरळच दिसते. डोंगरकड्याच्या शिवारात पाचट काढायला आलेल्या एका मावशींनी असं पान हातात घेऊन विचारलं, "भाऊ, या किड्याच्या पाठीवर कापूस कुणी ठेवला?" मला आजवर वाचायला मिळालेल्या वर्णनांत याहून नेमकं काही नाही. त्यांच्या मुकादमाचं मत निराळं होतं. पांढरं दिसलं म्हणजे रोग आला, औषध मारायला सांगा मालकाला, असं तो म्हणाला.

मुकादमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पांढऱ्याची धास्ती महाराष्ट्रातल्या ऊस शेतकऱ्यानं फुकट घेतलेली नाही. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्राचा ऊस पांढरा झाला. साथ कर्नाटकात गेली, पुढे मराठवाड्यातही आली. त्याआधी ही कीड ईशान्येकडे आणि बंगालमध्ये माहीत होती, आपल्याकडे तिच्याशी कुणाची गाठ पडलेली नव्हती. त्या दोन-तीन वर्षांत उसावर जेवढी औषधं पडली तेवढी आधी कधी पडली नसतील. ज्यानं ते पाहिलं तो आजही पानामागं पांढरं दिसलं की थांबत नाही.

म्हणून ओळख पटवणं हा या पुस्तकाचा कणा आहे, आणि प्रस्तावनेतही त्यावर चार ओळी जास्त खर्च करतो. उसावर पांढरं दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. लोकरी मावा मधल्या शिरेच्या कडेनं ओळी धरून बसतो आणि वाढत जाऊन पान भरून टाकतो. बोट फिरवलं की पांढऱ्याखाली जिवंत मावा हलताना दिसतो. पिठ्या ढेकूण पानावर नसतोच म्हटलं तरी चालेल, तो कांड्यावर, पानाच्या देठाच्या आवरणाखाली लपतो, आणि पीठ झटकलं की गुलाबीसर निघतो. पायरिलाची स्वतःची अंडीही पांढऱ्यात गुंडाळलेली असतात: मादी पानाच्या खाली, बहुधा शिरेजवळ, पुंजक्यानं अंडी घालते आणि शेपटाकडचे पांढरे तंतू त्यावर पसरते. नखानं तंतू बाजूला केले तर हिरवट-पिवळी अंडी ओळीत मांडलेली दिसतात. आणि चौथं पांढरं आपल्या पतंगाचं. एक तर ते किडीच्या पाठीवर असतं, नाहीतर पानावर एकटं, लांबट गोल, रेशमानं घट्ट विणलेलं आणि पानाला चिकटलेलं: तो कोष. पहिल्या तीन पांढऱ्यांना हात लावला तर पांढरं निघून येतं. कोष निघत नाही, त्याला खरवडावं लागतं. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

जीवनचक्र पुढच्या प्रकरणांत टप्प्याटप्प्यानं आलं आहे. इथं फक्त त्याचा हिशेब मांडतो, कारण शेतकऱ्याच्या कामाचा तोच आहे.

मादी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं अंडी घालते, हवा मानवली तर चारशे ते आठशे. आठ-दहा दिवसांत ती उबतात. बाहेर पडणारी अळी डोळ्याला टिपणं कठीण, इतकी बारीक, पण चळवळी. तिच्या सगळ्या आयुष्यात एवढंच एक धावपळीचं वय. पानावर फिरून तिला पायरिला गाठायची असते. नाही गाठली तर मरण. शेकड्यांनी अंडी घालण्याचं कारण हेच. गाठली की ती किडीच्या अंगावर चढते, जागा धरते आणि मग चालणं सोडून देते. दिवस जातील तशी फुगते, पांढरी होते. बहुधा एका किडीवर एकच अळी असते, गर्दी झाली की दोन-तीनही सापडतात. हा काळ साधारण दोन आठवड्यांचा. यजमान या दिवसांत जिवंत असतो, रसही शोषतो, पण खंगत जातो. अळी बसलेल्या माद्यांकडून पुढची अंडी फारशी होत नाहीत. शेवटी अळी किडीला सोडून पानावर उतरते, थोडी सरकते आणि कोष विणते. कीड मरते. कोषातून पतंग यायला आणखी नऊ ते बारा दिवस. अंड्यापासून पतंगापर्यंत महिना-सव्वा महिना.

आता पायरिलाचा हिशेब बघा. तिची पिलं पाच वेळा कात टाकतात आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. याचा अर्थ किडीची एक पिढी होते तेवढ्यात पतंगाच्या दोन होऊ शकतात. ऑगस्टमध्ये शंभर पायरिलांत चार-पाच पाठींवर पांढरं असेल तर ते फारच तोकडं वाटतं. पण पुढच्या पिढीला यजमान भरपूर असतात, पावसाळी हवा सोबतीला असते, आणि ऑक्टोबरात त्याच शेतात निम्म्याहून जास्त किडींच्या पाठी पांढऱ्या झालेल्या सापडू शकतात. मधले पाच-सहा आठवडे फार अवघड. कीड दिसते, पान पिवळं पडतं, शेजारी फवारतो, दुकानदार बाटली पुढं करतो, आणि मालकानं गप्प बसायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जीवनचक्र माहीत असलेल्या माणसालाच हे गप्प बसणं जमतं. ज्याला माहीत नाही त्याला नुसतं 'मित्रकीटक वाचवा' सांगून काही होत नाही.

'मित्रकीटक' या शब्दावर माझा थोडा राग आहे, तो या निमित्तानं नोंदवतो. भित्तिपत्रकावर हसरा ढालकिडा काढतात, बाजूला शेतकरी हात जोडून उभा. पतंगाला शेतकऱ्याशी देणंघेणं नाही. त्याला पायरिला हवी. पायरिला संपली की तोही संपतो, म्हणून शेतात थोडी पायरिला कायम राहणार हे मान्य करूनच त्याला ठेवता येतं. ज्याला एकही कीड नको आहे त्याच्या शेतात हा पतंग टिकणार नाही. पानामागं तीन-पाच किडी असेपर्यंत घाबरू नये अशी शिफारस असते, तिचा खरा अर्थ इथं कळतो.

हे शहाणपण सरकारलाही महागात शिकावं लागलं. १९७० च्या दशकात उत्तर भारतात पायरिलाच्या मोठ्या साथी आल्या, १९७३ ची विशेष. तेव्हाचं उत्तर म्हणजे विमानातून फवारणी आणि जमिनीवरून बीएचसी पावडर. गावोगाव 'गॅमेक्सिन' म्हणून ओळखली जाणारी ही पावडर उसात, भातात, धान्याच्या कणगीत, जिथं तिथं पडली; ती देशात बंद व्हायला १९९७ उजाडलं. उत्तरेत फवारणी न झालेल्या काही भागांत मात्र पायरिलाची साथ आपोआप बसलेली दिसली, आणि तिथल्या पानांवर पांढरे कोष सापडले. मग कीटकशास्त्रज्ञांनी सोपी युक्ती केली: जिथं कोष भरपूर आहेत तिथून पानं कापायची आणि जिथं नाहीत तिथं नेऊन लावायची. १९८० च्या दशकात असे कोष आणि अंडी गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, ओरिसा अशा राज्यांत नेऊन सोडण्यात आली आणि पुष्कळ ठिकाणी पतंग रुजला. परदेशातून शत्रू आणून सोडल्याच्या कहाण्या पाठ्यपुस्तकांत फार असतात. ही कहाणी घरच्याच कीटकाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचवण्याची आहे, म्हणून बहुधा ती कमी सांगितली जाते.

युक्ती आजही तीच आहे, आणि ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. हेक्टरी चार ते पाच हजार जिवंत कोष सोडावेत असं सांगतात. पानाचा कोष असलेला तुकडा कात्रीनं कापायचा आणि दुसऱ्या शेतातल्या उसाच्या पानाला, खालच्या बाजूनं, टाचणीनं किंवा स्टेपलरनं टोचायचा. स्टेपलर म्हटल्यावर लोक हसतात. पण तालुक्याच्या गावात सहज मिळणाऱ्या पिनांत हे काम होतं. बघायचं ते एवढंच की कोष भरलेला आहे. चिमटीत हलकं दाबून पाहावं. रिकामा असेल तर चपटा होतो. काम संध्याकाळी करावं, आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्या शेतात आणि लगतच्या शेतात औषध मारू नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण लगतचं शेत भावकीचं असतं.

औषधापेक्षा जास्त कोष कशानं जात असतील, तर ते पाचट पेटवल्यानं, असं मला वाटतं. तोडणी झाली की वाढे जनावरांना जातात आणि पाचटाला काडी लागते. वाळलेल्या पानांवरचे कोष त्यात जळतात. खोडव्यात पाचट न जाळता सरीत आच्छादन करायचं हे आता कृषी खात्याची माणसंही सांगतात, कारखान्याचे ऊस विकास अधिकारीही सांगतात. पण त्यांच्या सांगण्यात ओलावा टिकतो, सेंद्रिय कर्ब वाढतो, खताचा खर्च वाचतो ही कारणं असतात. ती खरीच आहेत. पतंगाचं कारण त्यात जोडून घ्यायला हरकत नाही. पाचट काढण्याचं काम चालू असताना कोष लागलेली पानं बाजूला काढून बांधावर ठेवली तरी पतंग निघून परत उसात जातो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की एपिरिकॅनिया आला म्हणजे पायरिला गेली. तसं नाही, आणि हे पुस्तक तसं म्हणत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा या पतंगाला झेपत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, तेव्हा त्याची संख्या अगदी खाली येते. पाऊस लागल्यावर त्याला जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि पायरिला त्याच्या आधी पुढं निघालेली असते. ज्या वर्षी पाऊस ताण देतो त्या वर्षी हे अंतर वाढतं. ज्याचा ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तुटणार आहे त्याला पतंगाची दुसरी पिढी पूर्ण होईपर्यंत थांबायला वेळही नसतो. अशा शेतात कीड मर्यादेबाहेर गेली तर मेटारायझियम नावाच्या बुरशीची फवारणी सांगितली जाते. ती दमट हवेत चांगली चालते. रासायनिक औषधाची वेळ येणारच नाही अशी शपथ कुणी घेऊ नये. फक्त ती वेळ आली आहे हे पानं उलटी करून, पाठी मोजून ठरवावं. बांधावरून ठरवू नये.

पाठी मोजण्याची पद्धत एका प्रकरणात सविस्तर दिली आहे. थोडक्यात: शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीस-पंचवीस पानं घ्यायची, प्रत्येक पानावरच्या पायरिला मोजायच्या, त्यातल्या किती जणींच्या पाठीवर पांढरं आहे ते वेगळं लिहायचं, आणि दहा-बारा दिवसांनी परत मोजायचं. दोन मोजण्यांत पांढऱ्याचं प्रमाण वाढत असेल तर थांबा. पहिल्या मोजणीचा आकडा एकटा काही सांगत नाही. शाळेतल्या पोरांना हे काम फार आवडतं, असा माझा अनुभव आहे. मोठ्या माणसांना पानं उलटी करत फिरायला लाज वाटते.

लोकरी माव्याचा विषय वर आला, त्याची उरलेली गोष्ट इथं सांगायला हवी, कारण तीही एका पतंगाचीच आहे. २००२ नंतर औषधं थकली तेव्हा ज्या कीटकांनी माव्याला आवर घातला त्यात डिफा अफिडिव्होरा हा एक होता. हाही लहान, मळकट रंगाचा पतंग. त्याची अळी माव्याच्या गर्दीत जाळं विणून राहते आणि मावा खाते. तेव्हा त्याला कोनोबाथ्रा म्हणत, आणि सांगली-कोल्हापूरकडे ते अवघड नाव शेतकऱ्यांच्या तोंडी इतकं बसलं की लोक डब्यातून, पानांच्या गुंडाळीतून कोनोबाथ्राच्या अळ्या एकमेकांना नेऊन देत. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं आणि कृषी विद्यापीठांनी त्या वाढवून वाटल्या. पुढं आणखी एक बारीक गांधीलमाशी माव्यावर पसरली आणि साथ बसली. त्या धास्तीच्या काळात शेतकरी एका अळीच्या शोधात फिरले, ही गोष्ट आता कुणी फारशी आठवत नाही. एपिरिकॅनियाला तसा काळ आपल्या भागात कधी आलाच नाही, कारण पायरिला इतकी भयानक कधी झाली नाही. तो मागं राहिला त्याचं कारण त्याचं काम बरं चालतं हेच असावं.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. फवारणीचं वेळापत्रक नाही. औषधांची मात्रा नाही. त्या शिफारसी दर काही वर्षांनी बदलतात आणि छापलेल्या पुस्तकातून वाचून फवारू नये. त्यासाठी तालुक्यातच तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, कारखान्याचा ऊस विभाग आहे. पतंगाचं वर्गीकरण शेवटच्या परिशिष्टात ढकललं आहे. ज्यांना कुळं-उपकुळं हवीत त्यांनी तिकडं जावं, बाकीच्यांनी सोडलं तरी काही अडत नाही. छायाचित्रं सगळी पानाच्या उलट्या बाजूची आहेत, त्यामुळे दिसायला एकसुरी वाटतील. त्यात मुद्दाम रिकाम्या कोषांची आणि पायरिलाच्या अंड्यांचीही घेतली आहेत, कारण शेतात गोंधळ तिथंच होतो.

प्रकरणांचा क्रम अंडी, अळी, कोष, पतंग असा आहे, पण वाचताना तो पाळायलाच हवा असं काही नाही. हे पुस्तक पावसाळ्यात हातात पडलं आणि उसात पांढरं दिसत असेल, तर कोषाचं प्रकरण आधी वाचावं आणि मोजणीचा तक्ता फाडून सोबत न्यावा. त्यासाठीच तो पान वेगळं करून, एका बाजूला छापला आहे. पेन्सिल न्यावी, ऑगस्टच्या उसात बॉलपेन चालत नाही.